वाघबारशीचं सोंग

आश्विन लागला की घरातल्या बाईला दोन हात पुरत नाहीत, हे मी तुम्हां मैत्रिणींना नव्यानं सांगायला नको. घटासाठी माती आणायची, दसऱ्याला झेंडूच्या माळा ओवायच्या, कोजागिरीला दूध आटवायचं, आणि ते आटतंय न आटतंय तोच चकलीची भाजणी भाजायला घ्यायची. मुलांना मात्र या सबंध महिन्यात दोनच उद्योग : एक खाण्याचा आणि दुसरा सोंगं काढण्याचा. भोंडल्याला पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरायचा तर मुलींना नऊवारीच हवी. ती नेसवता नेसवता आपल्या कंबरेचा काटा ढिला होतो. कोजागिरीला थोरल्या अपत्याला ओवाळायचं, म्हणून आमची थोरली त्या दिवशी राणीसारखी बसते आणि धाकटे चिरंजीव "मी काय वाटेवर सापडलो?" म्हणून फुरंगटून माडीवर जातात. त्यांना खाली आणायला पुन्हा दुधाचा वेगळा पेला.

पुढे किल्ला. इतर गावांतली मुलं चित्रात बघून किल्ला करतात. आमच्या जुन्नरात समोर खरा शिवनेरीच उभा. त्यामुळे अंगणातल्या किल्ल्यात काडीची चूक खपत नाही. दरवाजे सातच हवेत, शिवाईचं देऊळ असं कड्याच्या पोटाशीच हवं, आणि उतारावर अळीव पेरले ते दिवाळीच्या पहिल्या पहाटेपर्यंत उगवलेच पाहिजेत. नाही उगवले तर दोष आईचा, कारण पाणी घालायची आठवण तिनं केली नाही!

यात अलीकडे एक भर पडली आहे. आमच्या वन्सं पुण्याला मोठ्या सोसायटीत राहतात. तिथं ऑक्टोबरच्या ३१ तारखेला हॅलोविन करतात. मुलं भुतंखेतं, चेटकिणी, हाडांचे सापळे होऊन दारोदार फिरतात आणि चॉकलेटं गोळा करतात. वन्संचा फोन आला की, "वहिनी, आमच्याकडे हजार-हजार रुपयांचे तयार कपडे आणतात हो, एका संध्याकाळसाठी! घरी काही करता येईल का?" सासूबाई म्हणाल्या, "दिवाळीत भुतं कसली नाचवता?" पण २०२४ साली हा दिवस नेमका नरकचतुर्दशीला आला होता. पहाटे आपण पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडून नरकासुराला मारलं आणि संध्याकाळी त्यांनी भुतं काढली. मला तरी त्यात फारसं वावगं दिसलं नाही. हा सण मूळचा आयर्लंड-स्कॉटलंडकडचा. तिकडे सलगम कोरून त्यात दिवा ठेवत; माणसं अमेरिकेत गेली, तिथं भोपळा मोठा आणि कोरायला सोपा मिळाला, म्हणून भोपळा आला. म्हणजे त्यांच्या बायकांनीही घरात जे होतं त्यातच भागवलं. वन्संना मी जुन्या धोतराचं भूत सांगितलं. डोळ्यांना दोन भोकं, खाली दोरा, झालं. शिलाई शून्य.

पण सोंग काढून दारोदार जायला पुण्याला किंवा परदेशाला जायचं कारण नाही. आमच्याच तालुक्याच्या पश्चिमेला, नाणेघाटाकडे आणि तिकडे आंबेगावात आहुप्याच्या बाजूला, ते पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं आहे. आपण ज्या दिवशी वसुबारस करतो, गहू-मूग वर्ज्य करून बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खातो, गाय-वासराला हळदकुंकू वाहतो, त्याच आश्विन वद्य द्वादशीला महादेव कोळी आणि ठाकर मंडळी वाघबारस करतात. एकच तिथी; आपण गाय पुजतो, ते गाईच्या वैऱ्याला पुजतात. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी त्याच भागातल्या. त्यांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला नवल वाटलं होतं.

गावाच्या शिवेवर वाघोबाचा दगड असतो. त्यावर वाघ कोरलेला, वर चंद्रसूर्य, सगळ्याला शेंदूर. गुराखी पोरं घरोघर जाऊन तांदूळ, गूळ मागतात आणि देवाजवळच खीर रटरटवतात. पूजा होते, नारळ फुटतो, कुणाचा नवस असला तर कोंबडा. आणि मग सोंगं! एक पोरगा वाघ होतो, एक अस्वल, एक कोल्हा. बाकीचे त्याला दरडावून विचारतात, आमच्या शिवारात येशील का? वाघानं म्हणायचं, नाही, नाही. मग सगळी पोरं हाकारे घालत त्याला पिटाळून लावतात. वर्षभराचा करार झाला. नंतर खीर खायला मात्र वाघही पंगतीत.

हे ऐकल्यापासून आमच्या धाकट्याचा मावळा होण्यातला रस संपला. त्याला वाघ व्हायचं होतं. आणि पट्ट्यांचा नव्हे, ठिपक्यांचा. कारण आमच्याकडे "वाघ" म्हटलं की तो बिबट्याच. पट्ट्यांचा वाघ इथं पाहिलेलं माणूस मला अजून भेटायचं आहे, आणि बिबट्या न पाहिलेलं शेतावरचं घरही.

कपड्यांची कृती विचाराल तर सांगते, कारण ती मला फार साधली. जुना पांढरा सुती परकर घेतला. तुरटीच्या पाण्यात रात्रभर भिजवला, सकाळी हळद घालून उकळला. असा काही पिवळाधमक निघाला की सासूबाईंनाही हात लावून बघावासा वाटला. परकराचा झबल्यासारखा अंगरखा आणि विजार शिवली. ठिपक्यांना आधी बुचाचा ठसा करून पाहिला, पण ते नुसते टिकले उमटले. बिबट्याचा ठिपका भरीव नसतो, तुटक पाकळ्यांचं कडं असतं. तेवढ्यात भाजी चिरताना जाड भेंडीचा देठाकडचा तुकडा हाती राहिला. काळ्या कापडरंगात बुडवून उमटवला, आणि काय सांगू, हुबेहूब! पाव किलो भेंडीत सबंध बिबट्या झाला. (उरलेल्या भेंडीची भाजी केली, हे सांगून ठेवते, नाही तर तुम्ही म्हणाल उधळी आहे.) शेपटीला फाटक्या चादरीची पट्टी, आत जुने मोजे. मिशांना खराट्याचे हीर. मुखवटा लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचा. आमच्याकडे पत्रिका इतक्या येतात की अस्वल आणि कोल्हाही त्यातच झाले असते.

हे सगळं २०२५ च्या आश्विनातलं. वसुबारस १७ ऑक्टोबरला होती. तिच्या पाच दिवस आधी शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेडला, बिबट्यानं पाच वर्षांची मुलगी नेली.

कपडे दोरीवर वाळत होते. शेजारच्या काकू आल्या, दोरीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "काढून ठेव गं ते. यंदा नको. बघवत नाही." आमच्या ह्यांचंही तेच मत पडलं. कुणाच्या घरचं लेकरू गेलं आणि आपण त्याच जनावराचं सोंग नाचवायचं, हे शोभत नाही. मलाही ते पटलं होतं. मी कपडे घडी करून ट्रंकेत टाकले, आणि चिरंजीवांनी जेवण टाकलं.

दुसऱ्या दिवशी मावशींना विचारलं, "तुमच्या गावाला यंदा वाघबारस आहे की नाही?"

भांडी घासता घासता त्या म्हणाल्या, "हाय की, ताई. न व्हऊन कसं चालंल?"

"अहो, पण असं झाल्यावर?"

"असं व्हतंय म्हनूनच करायची नव्हं का! लाडाकोडानं का करतोय? पोरास्नी कळाया नको व्हय, त्यो हाय म्हनून? पोरगं वाघाला दरडवायला शिकलं, हाकारा द्यायला शिकलं, चार जणांसंगं चालाया शिकलं, म्हंजी झालं."

मी गप्प झाले. मी त्याला खेळ समजत होते आणि मावशींच्या गावाला ती शिकवणूक होती. वनखात्याची माणसं शाळाशाळांतून हेच तर सांगतात : दिवेलागणीनंतर मुलांना एकटं सोडू नका, उसाच्या कडेनं जाताना मोठ्यानं बोलत जा, हातात विजेरी ठेवा, रानात वाकून बसू नका, वाकलेलं माणूस त्याला लहान जनावरासारखं दिसतं.

बिबट्या उसात का, हा प्रश्न आता लहान मुलंही विचारीत नाहीत. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे अशी कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, कालवे आले, ऊस आला. उसात सावली, पाणी, लपायला जागा. वस्त्यांवर कुत्री आणि शेरडं. बिबट्याच्या कित्येक पिढ्या आता उसातच जन्मल्या, त्यांना डोंगरातलं जंगल ठाऊकच नाही. २००१ पासून इथं पुष्कळ बिबटे पकडून लांबच्या जंगलांत सोडले. सोय बरी वाटली. पण डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला तेव्हा दिसलं की आधी वर्षाला सरासरी ४ माणसांवर हल्ले होत, ते या उद्योगानंतर १७ वर गेले. घरातून उचलून परक्या मुलखात टाकलेलं जनावर बिथरतं. मोकळ्या झालेल्या जागेत दुसरं येतं. म्हणून पिंजऱ्यानं सगळं मिटतं असं मला वाटत नाही. मात्र ज्या बाईचं मूल गेलं तिच्यापुढे हे आकडे वाचायची माझी छाती नाही. ती पिंजरा मागते, बंदूक मागते, आणि तिनं ती मागितली तर तिला शहाणपण शिकवणारी मी कोण?

एक गोष्ट मात्र तुम्हांला सांगितली पाहिजे, कारण तीही याच दिवसांतली. दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांची धुराडी पेटतात, ऊसतोड सुरू होते, आणि तोड चालू असताना उसात बिबट्याची पिल्लं सापडतात. मांजराएवढी, डोळे नुकते उघडलेली. आई कुठं तरी आसपास दडून असते. अशा वेळी वनखात्याचे लोक आणि माणिकडोहच्या निवारा केंद्रातले डॉक्टर पिल्लांना तपासतात आणि संध्याकाळी सापडली त्याच जागी टोपलीत किंवा खोक्यात परत ठेवतात. माणसं दूर होतात, कॅमेरा लावलेला असतो. रात्री मादी येते, खोकं पाडते आणि एकेक पिल्लू मानेला धरून नेते. तशी चित्रफीत मी फोनवर पाहिली आहे. दोन पिल्लं नेऊन ती पुन्हा येऊन रिकाम्या खोक्यात वाकून बघते. त्या वेळी माझ्या मनात तिच्याबद्दल राग आला नाही, आणि पिंपरखेडची ती आई आठवून तसं वाटल्याची लाजही वाटली. दोन्ही एकदमच. यातून काय निष्पन्न काढायचं ते मला आजही सुचलेलं नाही.

आणखी एक. त्या उसाच्याच कडेला तोडणाऱ्यांच्या कोपी असतात. बीडकडून, नगरकडून आलेली ही कुटुंबं. बाप कोयता घेऊन, आई मोळ्या बांधत, आणि मुलं फडाच्या बांधावर. आपल्या मुलांना दार लावून आत घ्यायला दार तरी आहे.

तर वसुबारशीला मी ट्रंक उघडली. अट एवढीच घातली की सोंग दुपारी चारला, वाड्याच्या चौकात, दार लावून. अंधारात ते कपडे अंगावर नकोत. वाड्यातली दहा-बारा पोरं जमली. मावशी आपल्या नातवाला घेऊन मुद्दाम थांबल्या आणि प्रश्न कसा विचारायचा, हाकारा कसा द्यायचा, ते त्यांनी पोरांना शिकवलं. काकू आधी माडीवरून बघत होत्या. मग खाली आल्या आणि खिरीला तांदूळ कमी पडतील म्हणून वाटीभर घेऊन आल्या. आमच्या बिबट्याला तीनदा विचारल्यावर त्यानं तीनदा "नाही" म्हटलं, आणि पोरांनी त्याला न्हाणीघरापर्यंत पिटाळला. थोरलीनं तर असा हाकारा घातला की रस्त्यावरची माणसं डोकावली.

पुढे त्याच महिन्यात जांबूतला एक आजी गेल्या आणि नोव्हेंबरच्या २ तारखेला पिंपरखेडलाच तेरा वर्षांचा मुलगा. तिकडची माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून रानात जाऊ लागली. पूर्वी असे पट्टे धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यात दिसत. त्या गावाला भाऊबीज कशी झाली असेल, कोण जाणे.

आमच्याकडे भाऊबिजेला थोरलीनं ओवाळल्यावर धाकट्यानं ताटात पैशांऐवजी विजेरी घातली. साठवलेल्या खाऊच्या पैशांतून बाजारात जाऊन आणलेली, लाल रंगाची, गळ्यात अडकवायला दोरी असलेली. तिची शिकवणी सातला सुटते. मावशींनी ती हातात घेऊन दोनदा लावून पाहिली आणि विचारलं, "ताई, ही कुठं मिळती? आमच्या नातवाला एक आनते."