दिवे लागलेला डबा

मैत्रिणींनो, आज जरा रागातच लिहायला बसले आहे. विषय स्वयंपाकघरातला नाही, पण घरातलाच आहे.

माझी धाकटी जाऊ गेली सहा वर्षं घरून काम करते. लग्नपत्रिका, दुकानांचे फलक, डोहाळेजेवणाचे आणि लग्नाचे व्हिडिओ. दिवसभराचं सगळं आवरून ती रात्री साडेनऊला कामाला बसते. दोन वर्षांपूर्वी तिचा जुना संगणक थकला आणि नवा घ्यायचं ठरलं. निवडला कुणी? भाऊजींनी आणि अकरावीतल्या पुतण्याने. दुकानदाराने काचेचा डबा दाखवला, आत रंग बदलणारे पंखे, आणि दोघं खूश. घरी आल्यावर मीही म्हटलं, "किती छान दिसतोय गं!" हा माझाही दोष, आधीच कबूल करते.

त्या डब्यात निम्म्याहून जास्त पैसे ग्राफिक्स कार्डावर गेले होते. रॅम ८ जीबी, तीही एकच स्टिक. विंडोजपुरता लहानसा एसएसडी आणि बाकी सगळं साठवायला एक हार्ड डिस्क. आणि सगळ्या भागांना वीज पुरवणारा एसएमपीएस? त्यावर वॅटचा आकडा ठळक छापलेला, पण कंपनीचं नाव कुणी कधी ऐकलेलं नव्हतं.

गेल्या वैशाखात एका रात्री लाइट गेली, आली, पुन्हा गेली. एसएमपीएस जळाला आणि जाताना हार्ड डिस्कही घेऊन गेला. डिस्कवर एका लग्नाचं अख्खं चित्रीकरण होतं. कॅमेरावाल्याने आपली कार्डं पुसून पुढच्या लग्नाला नेली होती. त्या नवरीची आजी घास भरवण्याच्या वेळी उखाणा घेताना अडखळली होती आणि सगळा मंडप हसला होता. तो तुकडा जाऊने मला आदल्याच दिवशी दाखवला होता. आजी दिवाळीनंतर गेल्या. त्या घरात आता फोनमधले फोटो आहेत, आवाज नाही. जाऊने पैसे परत केले, पण त्या घरासमोरून जाताना ती अजून मान खाली घालते.

दुकानदार काय म्हणाला? "वहिनी, वीज काय आमच्या हातात आहे का?" वीज नाही हो, पण एसएमपीएस तुमच्याच हातात होता!

माझं म्हणणं एवढंच आहे. काम करणारीला विचारल्याशिवाय कामाचं यंत्र घेऊ नये आणि जो भाग दिसत नाही त्यावर काटकसर करू नये. लग्नात मांडवाला रोषणाई केली आणि पंगतीला भात कमी पडला, तर लोक रोषणाई आठवत नाहीत.

आता एकेक भाग घेऊ. हे मी चुका झाल्यावर, जाऊच्या शेजारी बसून शिकले आहे.

ग्राफिक्स कार्डाशिवाय डिझाइन होतच नाही, असं दुकानात छातीठोकपणे सांगतात. खोटं आहे ते. कोरलड्रॉ आणि फोटोशॉपला भारी कार्ड फारसं लागत नाही. त्यांना वेगवान प्रोसेसर आणि भरपूर रॅम हवी. दाविंची रिझॉल्व्ह मात्र कार्डावर खूप भार टाकतं, तिथे चांगलं कार्ड खरंच हवं. प्रीमियर या दोन्हींच्या मध्ये. म्हणजे पहिला प्रश्न "कोणतं कार्ड?" हा नाहीच. पहिला प्रश्न "तुम्ही कशावर काम करता?" हा आहे. आमच्या दुकानात तो कुणी विचारलाच नाही.

प्रोसेसरमध्ये एक बारीक खोच आहे. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असेल तर त्यात आतलं ग्राफिक्स नसतं. तो थोडा स्वस्त पडतो म्हणून दुकानात सर्रास तोच बसवतात. खेळणाऱ्याला काही फरक पडत नाही. पण त्या आतल्या ग्राफिक्समध्येच क्विक सिंक नावाची सोय असते, जी फोन-कॅमेऱ्याचे दाबून साठवलेले व्हिडिओ भराभर उलगडते. हल्लीचे बरेच कॅमेरे १०-बिट ४:२:२ प्रकारचं एच.२६५ चित्रीकरण देतात. एनव्हिडियाच्या कार्डांना ते उलगडणं आरटीएक्स ५० मालिकेपासून जमू लागलं, तर इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरांना ११व्या पिढीपासून जमतं. जाऊकडे नेमका 'एफ' होता. एवढं महागडं कार्ड असून कॅमेऱ्याचा व्हिडिओ अडखळत का चालतो, हे तिला वर्षभर कळलं नाही. ती स्वतःलाच दोष देत होती, "मलाच नीट येत नसेल."

हे वाक्य मला सगळ्यात जास्त टोचलं. चुकीचं यंत्र द्यायचं आणि मग बाईने म्हणायचं, मलाच येत नाही!

रॅमची दुसरी गंमत. ८ जीबीत विंडोज, ब्राउझर आणि फोटोशॉप एकत्र उघडलं की जागा संपलीच. पत्रिकेच्या कामाला १६ जीबी आणि फोर-के व्हिडिओला ३२ जीबी धरून चाला. दोन सारख्या स्टिक घेतल्या तर दोन्ही वाटांनी माहिती जाते आणि काम हलकं होतं. भाव चढे असतील तर आज एक घ्या, पण दुसरा स्लॉट मोकळा ठेवा.

साठवणीचा हिशोब तर घरच्या घरी करता येतो. १०० एमबीपीएसने केलेलं एक तासाचं चित्रीकरण ४५ जीबी होतं. एका लग्नात दोन कॅमेरे चार-चार तास चालले, की ३६० जीबी! त्यामुळे चालू कामाला एनव्हीएमई एसएसडी हवा आणि जुनं काम ठेवायला हार्ड डिस्क हवी. आणि ज्या घरात दुसऱ्यांच्या आठवणी राखायला घेतल्या आहेत, तिथे तिसरी प्रत घराबाहेर हवी. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. छायाचित्रकारांचा हा जुना नियम आहे.

एसएमपीएसवर '८० प्लस'ची खूण बघा. ती खूण म्हणजे वीज किती कमी वाया जाते याची पावती. तेवढ्याने तो टिकाऊ ठरत नाही, म्हणून ओळखीची कंपनी आणि निदान पाच वर्षांची वॉरंटी बघा. सोबत यूपीएस घ्या. घरचा इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर लाइट गेल्यावर क्षणभर अडखळतो आणि तेवढ्यात संगणक बंद पडतो.

मॉनिटरचं तर विचारूच नका. दुकानदाराने १४४ हर्ट्झचा दिला, खेळासाठी उत्तम. रंग मात्र बाजूने पाहिलं की बदलायचे. जाऊने पत्रिकेला कुंकवाचा लाल निवडला, छापून आला विटकरी. ५०० पत्रिका पुन्हा छापाव्या लागल्या, तिच्या खर्चाने. डिझाइनला आयपीएस पॅनेल आणि एसआरजीबी रंगपट्टा जवळपास पूर्ण दाखवणारा मॉनिटर लागतो. तरी पडद्यावरचा रंग आणि छपाईचा सीएमवायके रंग तंतोतंत जुळत नाही, म्हणून आधी एक नमुना छापून बघायचा.

काहीजणी म्हणतील, आपण अपरिग्रह मानणारी माणसं, इतकं सगळं कशाला? अहो, परिग्रह कोणता ते तर बघा. ज्याचं काम नाही ते रंगीत पंखे आणि न लागणारं कार्ड हाच परिग्रह. ज्याच्यावर घराची कमाई आणि दुसऱ्याचा विश्वास उभा आहे, ती वस्तू पुरेशी आणि नीट असणं याला मी परिग्रह म्हणणार नाही. शिवाय हे सगळं घेतलं तर खर्च वाढतोच असं नाही. जाऊचा नवा संगणक पहिल्यापेक्षा स्वस्त पडला. कार्ड एक पायरी खालचं घेतलं, काचेचा डबा टाळला, आणि तेच पैसे रॅम, एसएसडी, एसएमपीएस आणि मॉनिटरला गेले.

"बिलाशिवाय घ्या, १८ टक्के जीएसटी वाचेल" हे कुणी म्हणालं तर तिथून उठा. वॉरंटीच्या वेळी तुमच्याकडे पक्कं बिल नसेल तर तुमचं कुणी ऐकणार नाही.

भाऊजी वाईट नाहीत, पुतण्याही नाही. त्यांनी प्रेमानेच आणलं होतं. पण तीन जणांचं घर चालवणारी बाई जिथे बसणार, ती खुर्ची आणि ते यंत्र तिला न विचारता आणायची सवय आपण मोडायला हवी. पुढच्या वेळी दुकानात तिलाच पुढे करा. हातात कागद द्या: कोणतं सॉफ्टवेअर, कोणता कॅमेरा, महिन्याला किती कामं. दुकानदार पंख्यांचे दिवे दाखवू लागला, तर तिने तो कागद पुढे करावा.

आमच्या जाऊचा नवा संगणक काळा, साधा आहे. रात्री एकही दिवा लागत नाही. या वैशाखात लाइट तीनदा गेली. तिने काम जतन केलं, संगणक बंद केला आणि झोपायला गेली.