रोग्याचें बालपण

वैद्य नाडी पाहतो, जीभ पाहतो; परंतु बालपण कसें गेलें, हें सहसा विचारीत नाहीं. अमेरिकेंत सॅन दिएगो येथें डॉ. व्हिन्सेंट फेलिटी लठ्ठपणावर उपचार करीत. वजन उत्तम उतरूं लागलेले रोगीच उपचार सोडून जात, याचा उलगडा होईना. विचारपूस करतां त्यांपैकीं अनेकांवर लहानपणीं अत्याचार झाल्याचें कळलें.

पुढें अमेरिकन सरकारच्या रोगनियंत्रण केंद्रांतील डॉ. रॉबर्ट अँडा त्यांस मिळाले. मारहाण, घरांतील दारू, आईस बसणारा मार अशा गोष्टी त्यांनीं १७,००० हून अधिक प्रौढांस विचारल्या. पहिला निबंध १९९८ सालीं निघाला. चार वा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्यांत मद्यासक्ति, विषण्णता व आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, असे आघात न सोसलेल्यांच्या चार ते बारा पट आढळला. आणि हीं माणसें झोपडपट्टींतील नव्हतीं; बहुतेक कॉलेजांत शिकलेलीं, विमा उतरलेलीं होतीं! ‘आपल्यांत असलें कांहीं नसतें’ असें म्हणणाऱ्या सुशिक्षित घरांनीं हें ध्यानीं घ्यावें.

आघातांचा हा आंकडा पुढें पत्रिकेंतील मंगळासारखा वापरला जाऊं लागला. तेव्हां २०२० सालीं अँडांनींच सहकाऱ्यांसह बजावलें कीं, तो लोकसमूहाच्या अभ्यासासाठीं आहे, एकेका व्यक्तीचें भवितव्य वर्तविण्यासाठीं नव्हे. मार क्वचित् बसे कीं रोज, कुशींत घेणारी आजी घरांत होती कीं नव्हती, हें त्या आंकड्यांत कोठेंच येत नाहीं.