गव्हाची विद्या तणाला

तणनाशक मारल्यावर तण मरतं, मग गहू का मरत नाही? कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. पंजाब-हरियाणातल्या गव्हाची तीसेक वर्षांची डोकेदुखी मात्र त्याच्याच उत्तरात आहे.

आयसोप्रोट्युरॉन हे तणनाशक गव्हातही शिरतं. पण गव्हाच्या पेशीतली पी-४५० ही विकरं त्याची रचनाच बदलून टाकतात. पुढे त्याला साखर जोडली जाते आणि ते पेशीच्या कोपऱ्यात कोंडलं जातं. प्रकाशसंश्लेषण बंद पाडायच्या आतच औषध निकामी होतं. थोडक्यात, गहू ते पचवतो.

तिकडे कनकी, मंडूसी किंवा गुल्ली डंडा म्हणतात ते तणही गवतच. ओंबी येईपर्यंत ते गव्हात बेमालूम मिसळतं. बुंध्याशी लालसर झाक दिसली तरच ओळखू येतं. आयसोप्रोट्युरॉन १९७०च्या दशकाच्या अखेरीस आलं, आणि भात-गहू, भात-गहू करणाऱ्या शेतांत दरसाल तेच पडत राहिलं. तेही कित्येकदा वाळूत नाहीतर युरियात कालवून, हाताने फेकून. कुठे जास्त, कुठे निम्मंच. लाखो रोपांत जी चार आधीपासूनच थोडी जास्त पचवणारी होती, ती वाचली आणि त्यांचंच बी पडलं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हिसारच्या कृषी विद्यापीठातल्या आर. के. मलिक आणि समुंदर सिंग यांनी ही प्रतिकारक्षमता नोंदवली, तेव्हा काही शेतकरी उभा गहू वैरण म्हणून कापत होते. पी-४५० रोखणारं रसायन सोबत दिलं की तेच हट्टी तण पुन्हा मरतं, हे प्रयोगांत दिसलं. तणाने गव्हाचीच विद्या उचलली होती!

उपाय काय, तर नवी बाटली. क्लोडिनाफॉप, फेनॉक्साप्रॉप, सल्फोसल्फ्युरॉन आली, काही वर्षं चालली, मग तीही बऱ्याच ठिकाणी कमी पडू लागली. पचवणाऱ्या तणाशी हा खेळ बेभरवशाचाच, कारण ते कधी न मारलेलं औषधही पचवू शकतं. जिथे मधेच बरसीमचा चारा किंवा ऊस होता, तिथे हा त्रास कमी होता. गहू लवकर, न नांगरता पेरला तरी फरक पडला. कनकीला उगवायला गारवा लागतो, तोवर गहू पुढे निघून जातो.

आपलं सोयाबीन इमॅझेथापायर या तणनाशकाला पुरून उरतं, तेही ते पचवूनच. आणि आपल्याकडेही पावसाळा आला की अनेक शिवारांत तीच बाटली निघते. निंदणीला बाई मिळत नाही, मिळाली तर मजुरी परवडत नाही, हे खरंच आहे. तणनाशक सोडा असं म्हणणाऱ्याने आधी एकदा जुलैच्या चिखलात निंदून पाहावं. पण फवारणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी रानात जी तुरळक हिरवी झाडं ताठ उभी दिसतात, ती बी धरायच्या आत उपटायला एक दिवसाची मजुरी घालावी. त्यांच्यावर डोस वाढवून दुसरा पंप मारू नये.