रविवारचा फोन



पहाटे आदिलाबादच्या रस्त्यांवर पळणारी पोरं तुम्हीही पाहिली असतील. 1600 मीटर साडेपाच मिनिटांत मारलं की पूर्ण 60 गुण. माझा मावसभाऊ त्यांतलाच. गेल्या वर्षी अग्निवीर झाला. गावात बॅनर, फटाके, मामांचं भाषण. महिन्याभराने फोनवर तो "जेवलो" याखेरीज काही बोलेना. मावशी म्हणाली, "दमला असेल." मला काही ते पटलं नाही. (हे सगळं त्याला विचारूनच लिहितोय.)

युरोपातल्या सैनिकांत आत्महत्येचं प्रमाण नागरिकांपेक्षा जास्त आहे, हे दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1897 सालीच लिहून ठेवलंय. तेव्हा हा काही मोबाइलवाल्या पिढीचा नाजूकपणा नव्हे. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी घर सुटतं, झोप तुटते, चूक झाली की उस्ताद सगळ्यांसमोर झापतो. आमच्या कोडिंगमध्ये निदान रोलबॅक तरी असतो! त्यात अग्निपथमध्ये चार वर्षांनी फार तर 25 टक्केच कायम होणार. शेजारच्या खाटेवरचा मित्र हाच स्पर्धक. "मला जमत नाही" हे सांगायचं कुणाला?

"ज्याला करायचं तो करतोच" असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. इस्रायलमध्ये तरुण सैनिक सुट्टीला घरी जाताना रायफल सोबत नेत. 2006 मध्ये ती तळावरच ठेवायचा नियम झाला. 18 ते 21 वयाच्या सैनिकांतल्या आत्महत्या सुमारे 40 टक्क्यांनी घटल्या. घट मुख्यतः आठवडी सुट्टीच्या दिवसांतली. इतर दिवसांचं प्रमाण फारसं बदललं नाही. म्हणजे ती वाईट वेळ टळली, आणि पोरं वाचली.

पुढच्या रविवारी मी त्याला सरळच विचारलं, "जीव नकोसा होतो का रे?" असं विचारल्याने डोक्यात नसलेलं भरतं, ही भीती खोटी आहे. बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "एकदा वाटलं होतं, दादा." नडगी दुखत होती, पळण्यात मागे पडत होता, आणि मामांनी निघताना म्हटलं होतं, नाव घालवून परत येऊ नकोस.

मी म्हटलं, आधी उस्तादाला सांग, डॉक्टरला पाय दाखव. 14416 लिहून घे. टेलिमानस, फुकट, चोवीस तास, मराठी-तेलुगू दोन्हीत बोलतात. आणि नाहीच जमलं तर ये, स्टेशनवर मी उभा असेन.

तो आला नाही, ट्रेनिंग पूर्ण केलं. मामा माझ्यावर अजून फुगलेत. मावशी मात्र आता फोनवर आधी विचारते, "झोप लागते का रे?" जेवणाचं नंतर.