आजींनी घेतलेली माझी व्हायवा

व्हायवाला एक्स्टर्नलने काहीही विचारलं तरी आपण दोन-चार इंग्रजी शब्द फेकून वेळ मारून नेतो. आजपर्यंत फक्त दोनच परीक्षकांनी माझी बोलती बंद केली. दोघंही कॉलेजचे नव्हते. एक जुन्नर तालुक्यातल्या आजी होत्या, दुसरे आंबेगावचे शेतकरी काका.

२८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीचं प्रदर्शन भरतं. शाळा-कॉलेजची पोरं मॉडेल घेऊन येतात आणि आसपासच्या गावांतली माणसं ती बघायला लोटतात. आम्हीही मॉडेल मांडलं होतं. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यातल्या १४ खोडदच्या मधल्या भागात, बाकीच्या इंग्रजी 'वाय'सारख्या तीन दिशांना पसरलेल्या, असं सगळं मी घडाघडा म्हणत होतो. नातवाचा हात धरून उभ्या असलेल्या एका आजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाळा, त्या तव्याला तर नुसती जाळी हाय. पाऊस गळतो, वारा जातो. मग तुमचं ते आभाळातलं त्यातनं गळत न्हाई व्हय?"

मी गप्प. 'इंटरफेरोमेट्री' तोंडपाठ होती, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. रात्री पुस्तक उघडलं तेव्हा कळलं की आजींनी नेमकं डिझाइनच्या मर्मावर बोट ठेवलं होतं. जाळीची भोकं एक-दोन सेंटीमीटरची. हायड्रोजनची प्रसिद्ध रेडिओ लहर २१ सेंटीमीटरची, बाकीच्या तिच्याहूनही लांब. एवढ्या लांब लहरीला ती जाळी सपाट पत्र्यासारखीच वाटते. वारा मात्र आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता येतो आणि खर्च वाचतो. प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ही युक्ती मला कळली ती एका आजींमुळे.

दुसरा धडा जास्त कडू होता. बिबट्यावर लेख लिहायचा म्हणून मी आंबेगावात मुलाखती घेत फिरलो. कुकडी आणि घोड खोऱ्यांत धरणं झाली, कालवे आले, ऊस आला आणि उसात बिबट्या. त्याची पिल्लंही तिथेच जन्मतात. मी विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांचं २०११ मधलं संशोधन वाचून गेलो होतो. बिबटे पकडून लांब सोडायची मोठी मोहीम सुरू होण्याआधी जुन्नर भागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, नंतर ते १७ वर गेले. म्हणजे उपायानेच दुखणं वाढवलं. हे मी काकांना मोठ्या ऐटीत ऐकवलं.

काका म्हणाले, "बरोबर असंल तुमचं. पण लाइट रात्री येती. आज रात्री पाणी भरायला मी जाणार, मागनं पोरगं येणार. आम्ही काय करायचं ते लिहिलंय का त्यात?"

माझ्या वहीत दहा प्रश्न होते, त्यांचा हा एक नव्हता. परत येऊन मी पुन्हा वाचलं, वनखात्याच्या लोकांना विचारलं. एकट्याने जाऊ नका, बॅटरी ठेवा, मोठ्याने बोलत किंवा मोबाईलवर गाणी लावून चाला, अंधार पडल्यावर मुलांना अंगणात एकटं सोडू नका, गोठा बंदिस्त करा. लेखात हे सगळ्यात वर घातलं, ४ आणि १७ खाली गेले. लेख घेऊन काकांकडे पुन्हा गेलो. त्यांनी वाचून एकच दुरुस्ती सांगितली: "दिवसा लाइट द्या, हेबी लिहा." लिहिलं.

काही मित्र म्हणतात, सोपं करून सांगितलं की विज्ञान पातळ होतं. मला पटत नाही. आजींच्या प्रश्नाने माझं विज्ञान घट्टच झालं. आणि ही काही हौसेची गोष्ट नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत काही आठवड्यांत माणसं गेली, लोक रस्त्यावर उतरले. अशा वेळी घरात मयत झालेल्या माणसाला आकडे ऐकवणं हा निर्दयपणा आहे. ते संशोधन गावाशी आधी, शांत दिवसांत बोलायला हवं, आणि बोलण्याआधी गावाचं ऐकून घ्यायला हवं.

म्हणून माझी एक सूचना आहे. सर, मॅडम, रागावू नका. फायनल इयरच्या प्रत्येक प्रोजेक्ट रिपोर्टला एक पान मराठीत जोडायला लावा. ते पान मेसच्या मावशींना नाहीतर गेटवरच्या काकांना वाचून दाखवायचं, त्यांनी विचारलेले प्रश्न खाली लिहायचे आणि उत्तरं शोधायची. ज्यांचं उत्तर सापडलं नाही, तेही प्रामाणिकपणे नोंदवायचे.

मित्रांनो, सुरुवात आजच करा. रात्री जेवताना मावशींना आपला प्रोजेक्ट सांगून बघा. पोळी ताटात पडायच्या आत प्रश्न येतो की नाही बघा!