माशीच्या वाट्याचे पाणी



चैत्रात खामगावच्या रसवंत्यांवर मधमाश्यांचा घोळका दिसतो. लोक म्हणतात, गोडाला माशी येणारच. माझे मत जरा वेगळे आहे. शिवारात फूल असले की माशी उसाच्या चोथ्याकडे सहसा वळत नाही. ती गावात येते, कारण रानात तिला खायला उरलेले नसते.

उसाचे काम पाहणाऱ्याने माशीवर का लिहावे, असे कोणी विचारील. उसाला माशी लागत नाही हे खरे. आपण बेण्याच्या कांडीने लागण करतो. पण पुष्कळ सभासदांकडे उसाशेजारी कांद्याचे बीजोत्पादन, सूर्यफूल, काकडी-भोपळा असतो. कांद्याच्या फुलात पराग आधी झडतो आणि स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. दुसऱ्या फुलाचा पराग आणून द्यायला माशीच हवी. काकडी-भोपळ्यात तर नर फूल वेगळे, मादी फूल वेगळे. माशी फिरली नाही की दाणा पोचा आणि फळ वाकडे.

दुष्काळ दोन्हीकडून मारतो. जमिनीत ओल नसली की फुले कमी लागतात, गळतात, त्यांतला मधुरस आटतो, परागाचा कस जातो. उन्हात पोळे थंड ठेवायलाही माशी पाणी वाहून आणते. खायला नाही, प्यायला नाही, मग सातेरी माशी पोळे सोडून जाते. पुढे पाऊस चांगला झाला तरी ती लगेच परत येईलच असे नाही. 2018 साली राज्यात 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. आपण विहिरीचे पाणी मोजले, कडब्याच्या पेंढ्या मोजल्या. माश्या मात्र आपल्यापैकी कोणी मोजल्या नाहीत.

अशा वर्षी सगळे पाणी उसाला आणि बाकीचे देवाच्या भरवशावर, ही रीत मला पटत नाही. ऊस माझ्या पोटापाण्याचा आहे, तरी म्हणतो. दुष्काळात ज्याच्या विहिरीला पाणी तोच ऊसवाला. शेजारच्या कोरडवाहू भावाच्या पिकावर फिरणारी माशी जगली तर आपल्याच बांधावर जगेल. पेट्या भाड्याने आणू म्हणाल, तर पेटीतल्या माशीलाही फूल-पाणी लागतेच.

म्हणून विनंती एवढीच. डेंगळे फुलोऱ्यात असताना त्यांची पाळी तोडू नका. मोटारीजवळ घमेल्यात खडे टाकून पाणी ठेवा. खड्यावर बसून माशी पिते, बुडत नाही. बांधावरचा कडुलिंब, करंज, बोर राखा. फुलोऱ्यात फवारणी टाळा. करावीच लागली तर दिवस मावळल्यावर करा. मधासाठी मोहोळ जाळू नका.

उसाच्या मानाने यात फार पाणी जायचे नाही. तेवढे तरी आपण देऊ या.

— ऊस विकास अधिकारी