अडुळशाचे पान बशीत अडकू नये

नवी मुंबईतल्या बोनकोडे गावठाणाच्या एका अंगाला ठाण्याची खाडी, दुसऱ्या अंगाला ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडची औद्योगिक वसाहत. तिथे औषधांचे कारखानेही आहेत. खोकल्याने छाती भरली की मात्र महाराष्ट्रातल्या असंख्य घरांप्रमाणे इथल्या जुन्या माणसांनाही आधी आठवतो तो अडुळशाचा रस आणि मध.

ही आठवण भाबडी नाही. अडुळशाच्या पानात व्हासिसिन हे अल्कलॉइड असते. त्याच्या रचनेवरून ब्रोमहेक्झिन तयार झाले, आणि ब्रोमहेक्झिनपासून शरीरात जो क्रियाशील पदार्थ बनतो तोच अँब्रोक्सॉल. दुकानातल्या कफाच्या कितीतरी बाटल्यांवर आज ही दोन नावे वाचायला मिळतात.

पानांच्या अर्कावर प्रयोग अजूनही होतात. जिवाणू वाढवलेल्या बशीत अर्कात भिजवलेली कागदी चकती ठेवतात. तिच्याभोवती स्वच्छ वर्तुळ उमटले की जिवाणूंची वाढ थांबली असे समजतात. डीपीपीएच या रसायनाचे जांभळे द्रावण अर्काने पिवळे पडले, तर अँटिऑक्सिडंट गुण नोंदवला जातो. चाचण्या चोख आहेत. पण बशीत यकृत नसते, रक्ताभिसरण नसते, गर्भही नसतो. व्हासिसिन गर्भाशयाचे आकुंचन वाढवते, म्हणून गरोदरपणी अडुळसा टाळायला सांगतात. ‘नैसर्गिक’ असा शिक्का मारून पावडर विकणाऱ्यांनी ही सूचना ठळक छापलीच पाहिजे.

बशीपलीकडे कसे जायचे ते चीनमधल्या शास्त्रज्ञ तू यूयू यांनी दाखवले. जुन्या ग्रंथातली नोंद वाचून त्यांनी मलेरियावर वापरल्या जाणाऱ्या एका वनस्पतीचा अर्क उष्णतेने निष्प्रभ होतो हे ताडले आणि कमी तापमानाला उकळणारे ईथर वापरले. त्यातून आर्टेमिसिनिन हाती आले, माणसांवर चाचण्या झाल्या आणि 2015 साली त्यांना नोबेल मिळाले. ती नोंद त्यांनी पुढे नेली, तशी आपणही न्यायला हवी.

आपल्याकडे बऱ्याचदा वर्तुळ मोजून निबंध छापला की काम आटोपते. पान कोणत्या हंगामात तोडले, त्यात व्हासिसिन किती भरले, मात्रा किती सुरक्षित, हे प्रश्न तसेच राहतात. महाविद्यालये, आयुर्वेद संस्था आणि औषध कंपन्यांनी हे काम वाटून घ्यावे, आणि संशोधनाचा निधी देताना सरकारने पुढच्या चाचण्यांचा खर्चही त्यात धरावा. नवी मुंबईत तर गावठाणातली जाणती माणसे आणि कारखान्यातले रसायनतज्ज्ञ यांच्यात एका रस्त्याचेच अंतर आहे.